मनुकांचं पाणी

मुंजाजी पाळकांची पिशवी तीन रविवार खुंटीवरून उतरली नव्हती. खाकी कापडाची, बंदाला दोन ठिगळं लावलेली. तिच्यात पवित्र शास्त्र असायचं, गीतांचं पुस्तक असायचं, फडक्यात बांधलेली भाकर असायची आणि दवाखान्यातल्या टॉनिकची एक जुनी तपकिरी बाटली असायची. त्यांची बायको पद्माबाई रोज झाडताना त्या पिशवीखालून झाडू फिरवायची आणि रोज वर बघून उसासा टाकायची.

बाटलीत काय, हे तिच्याएवढं कुणाला माहीत? शनिवारी सांजच्याला ती काळ्या मनुका तांब्यात भिजत घालायची. सकाळी हातानं कुस्करायची, धडप्यातून गाळायची. पाणी निघायचं गोड, जांभळ्या रंगाचं. साखरा गावात चार ख्रिस्ती घरं. तिथल्या प्रभुभोजनाला तेच पाणी आणि तीच ज्वारीची भाकर. पाळक दोन कोस सायकल हाणत जायचे, तुकडा-तुकडा, घोट-घोट वाटून उन्हं उतरायच्या आत परत यायचे. वीस वर्षांत नेम चुकला नव्हता. मग नेम मोडला तो टीव्हीनं.

शेजारच्या बंजारा तांड्यावर धर्मसिंग नायकाच्या ओट्यावर टीव्ही होता. गुरुवारी सांजच्या साडेसहाला एक मालिका लागायची, आणि तांडा न् गाव तिच्यापुढं गोळा व्हायचं. मालिकेत एक ख्रिस्ती घर होतं. त्या घरातली आई झगा घालायची, बाप आरामखुर्चीत पडून मोडकंतोडकं मराठी बोलायचा. आणि त्यांच्याकडं यायचा एक फादर. पायघोळ पांढरा अंगरखा, छातीवर वीतभर क्रूस. अंगरख्याच्या आतून हळूच बाटली काढायचा, डोळा मारायचा आणि म्हणायचा, "ही देवाची दवा!" की ओटा हसून लोटपोट. खोटं कशाला बोला, पहिल्या गुरुवारी पद्माबाईपण हसली होती. कुठलं लांबचं दर्याकाठचं घर ते, आपला त्याच्याशी काय संबंध, असं तिला वाटलं होतं.

संबंध कळला एका रविवारी. तांड्याच्या वळणावर पाळकांच्या सायकलीची चेन उतरली, सायकल आडवी झाली, पिशवी सांडली आणि बाटली घरंगळत जाऊन थेट कुलदीपच्या पायाशी थांबली. कुलदीप म्हणजे धर्मसिंगचा पुतण्या. काळीपिवळी जीप चालवायचा, तोंडाचा वस्ताद. त्यानं बाटली उचलली, उन्हात धरली, डोळा मारला.

"देवाची दवा! फादर, आमाला बी एक घोट द्या की!"

वळणावर बसलेली सगळी माणसं हसली. धर्मसिंगची बायको बेबीबाई पदराआड हसली. याच कुलदीपला पाळकांनी लिंबाखाली बसवून बाराखडी शिकवली होती. तांड्यावरचे अर्ज, तांड्यावरची पत्रं पाळकांच्याच हातची. त्यांनी बाटली घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली, सायकल हातानं ढकलत घरी आले आणि पिशवी खुंटीला अडकवली. साखऱ्याला निरोप धाडला, गुडघा दुखून राहिला.

पद्माबाईनं पहिल्यांदा टीव्हीवाल्यांनाच गाठायचं ठरवलं. तिला लिहिता येत नव्हतं. तांड्यावरची पुजा दहावीला होती, तिला समोर बसवून कार्ड लिहून घेतलं. "लिही, तुमच्या मालिकेतला पाद्री सायकल काहून चालवत न्हाई? त्याच्या घरी भाकर काहून भाजत न्हाईत? आमच्या घरी या, दावते." पत्ता पुजानं पडद्यावरून उतरवून घेतला. उत्तर आलं नाही. दुसरं कार्ड टाकलं. त्याचंही नाही.

उत्तर आलं ते साखऱ्याहून. द्वारकाबाई म्हणून तिथली आंधळी म्हातारी, पंच्याऐंशीची. बाजारला आलेल्या माणसाबरोबर निरोप आला: "पाळकबाबाला म्हणावं, मनुका माझ्याजवळबी हायेत. माणूस न्हाई. उत्तम शुक्रवारच्या आधी तरी यावं. पुढल्या वर्साचं मला ठावं न्हाई."

उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, जेमतेम तीन आठवड्यांवर आलेला. निरोप ऐकून पाळक भिंतीकडं तोंड करून निजले. प्रभुभोजन पाळकानंच द्यायचं. ते काम पद्माबाईला करता येतं, तर ती अनवाणी गेली असती. तिनं पदर खोचला आणि तांडा गाठला.

"नायक, गुरुवारी मला तुमचा ओटा पायजे."

धर्मसिंग दचकला. "टीव्ही बंद करा म्हणता का बाई? टीव्ही बंद केला तर तांडा मलाच बंद करून टाकील!"

"बंद कशाला? चालू द्या की तुमची मालिका. त्याच्या आधीचा अर्धा तास माझा."

"तुमी काय दावणार?"

"तुमच्या टीव्हीत नसलेला पाद्री."

गिरणी यायच्या आधी भल्या पहाटे जात्यावर पद्माबाईचा गळा लागला की तांड्यावरच्या बाया आपलं दळण घेऊन तिच्याकडं यायच्या. तोच गळा घेऊन ती गुरुवारी ओट्यावर बसली. जातं नव्हतं, म्हणून ताटलीवर बोटांनी ठेका धरला.

*पहिली माझी ओवी, सायकलीच्या चाकाला,*
*पाळक माझा गेला, काट्याकुट्यात साखऱ्याला.*

*दुसरी माझी ओवी, पिशवीच्या बंदाला,*
*भाकरीची सोबत गं, सुक्या एका कांद्याला.*

ओवी थांबली की गोष्ट, गोष्ट थांबली की ओवी. तिनं काही संत उभा केला नाही. पाळक घोरतात कसे, प्रार्थनेत डोळे मिटले की कधीकधी उघडायचे विसरतात कसे, ठेच्यानं नाकाडोळ्यांत पाणी आलं तरी "गोड हाय" म्हणतात कसे, सगळं सांगितलं. साखऱ्याच्या चढावर सायकल ओढ्यात गेली, तेव्हाचंही सांगितलं. एका हातात शास्त्र वर धरलेलं, दुसऱ्या हातात बाटली, आणि पडले ते नाकावर. "पुस्तक कोरडं, बाटली शाबूत, नाक फुटलं!" पोरंसोरं खिदळली.

कुलदीप मागून ओरडला, "मावशी, भाग किती हायेत?"

"तुझं लगीन जमंपर्यंत पुरतील रे. म्हणजे लई हायेत."

त्यावर तर धर्मसिंगही हसला.

मालिका लागली तेव्हा पद्माबाई उठून गेली नाही. पुढच्याच रांगेत बसून बघत राहिली. फादरनं बाटली काढली, ओटा हसला, पण बेबीबाई तिच्या कानाशी लागली, "बाई, ह्यो कुणाच्या घरी दुखलं-खुपलं बघाया जातच न्हाई का गं? निस्ता सोफ्यावर बसून राहिलाय."

"मला काय इचारती? त्याला इचार."

घरी पाळक जागेच होते. "तू मला तमाशात काढून राहिली म्हणं."

"तमाशात त्यांनी काढलं. मी घरी आणून राहिले."

"लोक हसत व्हते?"

"व्हय. तुमच्या नाकाला."

पाळकांनी अंधारात नाक चाचपलं. मग कूस बदलली. पण पिशवी खुंटीवरच.

दुसऱ्या गुरुवारी माणसं वेळेआधी आली. तरी एकजण कुजबुजलाच, "काय बी म्हणा, बाटली तर हाये ना पिशवीत." पद्माबाईच्या कानावर ते पडलं. तिनं ओवी तिथंच सोडली.

"बेबीबाई, टीव्हीत तांड्यावरची बाई कवा दिसली का गं तुला?"

"दिसती की."

"काय करती?"

"नाचती. आरशाची चोळी घालून."

"आन् गडी?"

धर्मसिंगच म्हणाला, "चोऱ्या करतो. न्हाई तर दारू गाळतो."

"बेबीबाई, तू आजवर नाचून किती भाकरी कमावल्या?"

"ह्या हातांनी जल्मभर कापूस येचला बाई," बेबीबाई म्हणाली. आज तिनं पदर तोंडाला लावला नाही.

उत्तम शुक्रवारच्या आधीचा गुरुवार उजाडला. प्रभूनं शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं, तो हा दिवस. पद्माबाईनं आदल्या सांजेला मनुका भिजत घातल्या होत्या. दुपारी तिनं खुंटीवरच्या पिशवीतून बाटली काढली. पाळक बघत होते.

"कुठं नेती?"

"तांड्यावर. जिथं सांडली तिथं."

"पद्मा, पुरे कर. आजून हसं व्हईल."

"व्हऊ द्या. तिकडं द्वारकाबाई दारात कान लावून बसली आसंल. सायकलीची घंटी वाजंपर्यंत मी काई पुरे करत न्हाई." आणि ती निघाली. एका हातात तांब्या, एका हातात बाटली, खांद्यावर धुवट धडपा. बाटली तिनं पदराखाली झाकली नाही. भर रस्त्यानं सगळ्यांना दिसेल अशी नेली.

ओट्यावर तिनं परात मांडली. ऊन अजून कलतं होतं. ती कुस्करायला लागली आणि गायला लागली.

*काळ्या काळ्या मनुका, भिजत्यात पाण्यात,*
*येशूबाचं जेवण, चार घरच्या कोन्यात.*

बाया पुढं सरकल्या. कुणी सालं बघितली, कुणी वास घेतला. पद्माबाईनं धडप्याचं एक टोक धरलं आणि हाक मारली, "कुलदीप, इकडं ये. दुसरं टोक धर. पीळ."

"मी?"

"मग कोण? बाटली वळखणारा तूच की."

हशा झाला, पण या खेपेला तो कुलदीपवर होता. तो खाली मान घालून आला. धडपा पिळला. जांभळं पाणी त्याच्या बोटांतून परातीत उतरलं. पद्माबाईनं वाटीत थोडं ओतलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"घे. एक घोट मागितला व्हता ना पाळकाला? आजून प्रार्थना झाली न्हाई, निस्तं मनुकांचं पाणी हाय. पे."

अख्खा तांडा बघत होता. कुलदीपनं वाटी तोंडाला लावली. गिळलं.

"चढली का?" बेबीबाईनं विचारलं.

"गोड हाय," तो एवढंच म्हणाला. आणि मग हळू, "मावशी, मला काय ठावं?"

"ठावं नसतं तवा इचारायचं आसतंय. बाराखडी इचारलीच व्हती की." असं म्हणून ती बाकीच्यांकडं वळली आणि गोष्ट पुन्हा धरली. "तर सांगत काय व्हते, साखऱ्याचा चढ. सायकल अशी डुगडुगली आन्—"

"चढ न्हवता."

सगळ्या माना वळल्या. लिंबाखाली पाळक उभे होते. पांढरं सदरा-धोतर, डोक्यावर टोपी, खांद्याला खाकी पिशवी, हातात सायकल.

"उतार व्हता," ते म्हणाले. "चढावर कोण पडतंय? तीन गुरुवार झाले, चुकीचं सांगून राहिली ही."

"मग तुमी सांगा की बराबर!" पद्माबाई म्हणाली. तिनं आवाज मुद्दाम मोठा केला. "मी काय पाठीमागं बसले व्हते का?"

ओटा खदखदला. पाळकही हसले, आपल्याच नाकाला हात लावून. मग म्हणाले, "आल्यावर सांगतो. आधी बाटली भर. दिवस बुडायच्या आत पोचलं पायजे."

तिनं बाटली भरली, चिंधीचं बूच घट्ट बसवलं. कुलदीप म्हणाला, "गुर्जी, जीपनं सोडतो."

"नको रे. म्हातारी घंटीच्या आवाजानं वळखती. जीप ऐकून दार लावून घील."

कुलदीपनं मग सायकलच बघितली. चेन सैल होती. त्यानं जीपमधून पाना आणला, उकिडवं बसून मागचं चाक ओढून आवळलं. मनुकांनी जांभळी झालेली बोटं तेलानं काळी झाली.

पाळक निघाले. वळणावर कुणीतरी सवयीनं ओरडलंच, "देवाची दवा!" सगळं काही एका वाटीनं धुऊन निघत नाही. पाळकांनी मागं वळून न बघता घंटी वाजवली, दोनदा.

साडेसहा झाले. धर्मसिंगनं टीव्ही लावला. मालिकेचं गाणं सुरू झालं, पण अर्धा ओटा अजून साखऱ्याच्या वाटेकडं तोंड करून उभा होता. पद्माबाईनं परात विसळली, धडपा पिळून खांद्यावर टाकला आणि पुढच्या रांगेत आपली जागा धरली.

"घरी न्हाई जायचं बाई?" बेबीबाईनं विचारलं.

"बसू दे की. पुजाला म्हणावं, उद्या कार्ड घिऊन ये. त्या फादरला मनुका भिजवायच्या कशा, ते लिहून धाडते."

पडद्यावर फादरनं अंगरख्यात हात घातला. पद्माबाईचं ध्यान तिकडं नव्हतं. लांब, ओढ्याच्या उतारावर, घंटी वाजत होती.