दिवेलागणीआधीचे पत्र

भिजलेल्या काळ्या मनुकांचा वास शुक्रवारच्या दुपारी अजूनही कुठूनसा येतो. गोड, किंचित आंबूस, पाण्यात विरघळत चाललेल्या उन्हासारखा. सिम्हामावशींच्या लंडनजवळच्या हॅरोमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो पडद्यांत, शालींत, हार्मोनियमच्या भात्यातसुद्धा मुरलेला असे. शब्बाथच्या, शुक्रवारी सूर्यास्ताला लागणाऱ्या विसाव्याच्या दिवसाच्या, सरबतासाठी सकाळी मनुका भिजत घालायच्या आणि सूर्य मावळण्याआधी हाताने कुस्करून गाळायच्या, ही अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यू घरांतली रीत त्यांनी तरुणपणी इस्रायलच्या वाळवंटातल्या एका गावी नेली आणि म्हातारपणी मुलाच्या मागून इंग्लंडला आणली.

त्या थकल्या होत्या. आजाराने नव्हे, पुष्कळ काळ दुसऱ्यांच्या मुलांसाठी गात राहिलेल्या गळ्याला जो संथ, धूसर शीण येतो, तो त्यांच्या अवघ्या अस्तित्वावर नोव्हेंबरच्या धुक्यासारखा उतरला होता. खिडकीखालून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गेली की त्या बोलणे थांबवत, डोळे मिटत. आणि उजवा हात मांडीवर सावकाश, न थांबता, वर्तुळे काढत राही. मी त्याला वार्धक्याचा कंप समजत असे.

इस्रायलमध्ये बालवाडीत शिकवताना त्यांनी हिब्रूत ओंजळभर गाणी रचली. बहुतेक वाळूत पाणी जिरावे तशी जिरून गेली. एक अंगाई मात्र अशी पसरली, की तिच्यावर झोपलेली माणसे आज आपल्या नातवंडांना तिनेच झोपवतात.

त्या अंगाईसाठीच तिथल्या एका प्रकाशकाचे पत्र आले होते. संग्रह छापायला निघाला होता. शब्द आणि चाल दोन्ही सिम्हामावशींच्या नावावर घालायची, काही बदल असेल तर शुक्रवारी फॅक्सने कळवा, असे त्यात होते. त्यांची बोटे वळत नसल्याने पत्रे मीच, त्यांची कविता करणारी शेजारीण, लिहीत असे. त्या शुक्रवारी त्यांच्या मुलाने, तिकडेच वाढल्याने मोडकी मराठी बोलणाऱ्या दानीने, मला जिन्यातच गाठले.

"ताई, तू तिला समजव ना. तिला ट्यूनवरून स्वतःचा नाव काढायचा आहे. लोक तिला त्या एका ट्यूनमुळे ओळखतात. तो पण गेला, तर माझ्या आईचा राहणार काय?"

आतून आवाज आला, "ये गं! कवितावाली आली, आता पत्राला दोन दिवस पुरायचे नाहीत."

मी बसले, पेन काढले. मावशी गाळलेल्या सरबतावर बशी झाकत होत्या.

"चाल माझ्या आईची आहे," त्या म्हणाल्या. "मलकाबाईची. मी लहानपणी जात्याला तिच्यासमोर बसायचे. एक ओळ तिची, एक माझी. अंगाई लावताना तिकडच्या रेडिओवाल्यानं विचारलं, चाल कुणाची? आता दळणाच्या चालीला कधी कुणी मालक असतो होय? विहिरीचं पाणी कुणी केलं, असं विचारल्यासारखं वाटलं मला. मी गप्प राहिले, आणि त्यानं माझं नाव घातलं."

मांडीवरचा हात फिरतच होता. तो कंप नव्हता, हे मला तेव्हा कळले.

"तिच्या थडग्यावरची अक्षरंसुद्धा पावसानं नेली गं. तिचं नाव जगात कुठंच नाही."

दानी दारात उभा होता. "आई, नाव काढून आजी परत येणारे का?"

"नाही. पण मला तिच्यासमोर जायचंय."

बाहेर चार वाजायच्या आतच उजेड काठांवरून विरू लागला होता. छपरे निळी, मग राखाडी झाली. मेजावर दोन मेणबत्त्या उभ्या होत्या. त्या पेटल्या की त्या घरात उद्या तारे दिसेपर्यंत कुणी लेखणी उचलत नसे, आणि प्रकाशक तोवर थांबणार नव्हता. इंग्रजीत 'चाल' एवढे लिहून माझा हात थबकला. पुढच्या एका नावाने एक आई उजेडात येणार होती आणि दुसरी, माझ्या डोळ्यांदेखत, अंधारात सरणार होती. दानीचे दुःखही खरेच होते.

ते पुस्तक वसंतात आले. मावशी त्याआधीच, बर्फ पडून वितळल्यावरच्या एका निस्तेज सकाळी, गेल्या. मला न वाचता येणाऱ्या लिपीतल्या एका ओळीवरून दानीने उजवीकडून डावीकडे बोट फिरवले. "हा आजीचा नाव," म्हणाला. आणि ते बोट बराच वेळ तिथून हलले नाही.

माणूस जातो तेव्हा काळ त्याच्याभोवती मिटत नाही. जिथे तो बसत असे तिथे एक जागा उघडी ठेवतो, आणि आपण तिच्यासमोर बसून आपली ओळ म्हणत राहतो. त्या संध्याकाळी माझे पेन अडले होते, उजेड संपत आला होता. हातात काडेपेटी घेऊन मावशींनी माझ्याकडे पाहिले, आणि अतिशय थकलेल्या, अतिशय मऊ आवाजात एवढेच म्हणाल्या, "लिही."