न वाजलेला चमचा

मित्रांनो, मी एक जुने वाचनपीठ आहे. छावणीजवळच्या सेमिनरीत, म्हणजे मुलगे जिथे कॅथलिक धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेतात तिथे, भोजनगृहाच्या कोपऱ्यात मी उभे आहे. मी घासभरही कधी खाल्ले नाही. पण इतक्या पंगतींची वाफ माझ्या सागवानात मुरली आहे की पावसाळ्यात मला अजून भाताचा वास येतो.

शहागंजच्या गयास मिस्त्रींनी मला घडवले. माझा माथा जरा जास्तच उतरता झाला, कागद घसरू लागले, तेव्हा त्यांनी खालच्या कडेला एक बारीक पट्टी ठोकली. तीच पट्टी माझे खरे चरित्र आहे. इथे दुपारचे जेवण मौनात होई. एक विद्यार्थी माझ्यापाशी उभा राहून संतांची चरित्रे वाची, बाकीचे ऐकत जेवत. काही चुकले किंवा सुटले, की रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, पेल्यावर चमचा वाजवत आणि पुन्हा वाचावे लागे. त्या आवाजाच्या धास्तीने पोरांचे अंगठे पट्टी घासत राहत. ती मध्यावर झिजून खोलगट झाली आहे. त्या खळग्यात पुढे बिशप झालेल्यांचे अंगठे आहेत, रेक्टर झालेल्यांचे आहेत. त्यांच्या तसबिरी समोरच्या भिंतीवर रांगेने लागल्या. हे सगळे इथेच बोलायला शिकले, असे पाहुण्यांना कौतुकाने सांगितले जाई. तेव्हा माझ्यावर पॉलिश असे.

तसबीर नसलेला एक होता, लासूर स्टेशनचा सांडू. त्याच्या वाचनात चमचा कधी वाजला नाही. त्याच्या वर्गातला इंद्रजीत मात्र जोडाक्षरापाशी अडखळे, घामाने भिजे. मग सांडू मुद्दाम पहिल्या बाकावर बसे आणि घास चघळल्याचे सोंग करीत, पाठ असलेला पुढचा शब्द नुसत्या ओठांनी दाखवी. त्या ओठांवरून इंद्रजीत वाचायला शिकला. धर्मगुरुपदाच्या दीक्षेच्या आदल्या वर्षी सांडू घरी परतला. त्याचे मन संसारात होते आणि ते त्याने लपवले नाही. इंद्रजीत आज इथले रेक्टर आहेत, बहुधा शेवटचे. विद्यार्थी तीनच उरले आहेत आणि त्यांनाही दुसरीकडे हलवायचे ठरले आहे.

मौनाचे जेवण आता वर्षातून एकदाच होते, नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात. वारलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे तेव्हा माझ्यापाशी वाचली जातात. फक्त दीक्षा झालेल्यांची. यंदा त्या सकाळी सांडूची पत्नी मोनिका आली. सांडू उन्हाळ्यात गेला होता.

"त्यांचं बी नाव घ्या, फादर," ती म्हणाली. "लई आठवण काढायचे तुमची. म्हणायचे, इंद्र्या माझ्या तोंडाकडं बघूबघू फादर झाला."

फादर हसले. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "रिवाज आहे, मोनिकाताई. दीक्षा झालेल्यांचीच घेतो."

"भिंतीवर नका लावू. नुसतं तोंडानं घ्या."

"बघतो. जेवायला थांबा."

ती शेवटच्या बाकावर बसली. सत्यम नावाच्या विद्यार्थ्याने नावे वाचली आणि तो थांबला. फादरांच्या हातात चमचा होता. तो वाजला असता, तर काहीतरी सुटले आहे हे सत्यमला कळले असते आणि फादरांना ते नाव सांगता आले असते. मोनिका त्या चमच्याकडे पाहत होती. भिंतीवरचे सगळे फादरांकडे पाहत होते. चमचा पेल्याच्या काठापर्यंत गेला आणि खाली वरणात उतरला.

मोनिकाने ताटातला भात संपवला, ताट स्वतः विसळले. "येते फादर. गाडीची येळ झाली," एवढेच म्हणाली.

ती गेल्यावर, सगळे पांगल्यावर, फादर माझ्यापाशी आले. त्यांचा अंगठा आपसूक खळग्यात गेला.

"सांडू," ते म्हणाले.

आणि तिथेच अडले. पहिल्या बाकावर पुढचा शब्द दाखवणारे ओठ नव्हते.

मित्रांनो, थोड्या दिवसांत तसबिरी बिशपांच्या निवासात जातील. माझे काय होणार, ते कुणी ठरवलेले नाही. मला पॉलिशही नको. पण ज्याच्या ओठांवरून तुम्ही पहिला शब्द उचललात, त्याचे नाव चारचौघांत घ्या. ते ऐकायला आलेले माणूस दारापर्यंत पोचण्याआधी घ्या. रिकाम्या बाकांसमोर मी पुष्कळ उभे राहिले आहे. ते कधीच पुन्हा वाचायला सांगत नाहीत.