भला शेजार

या, जरा जवळ सरका. एका भल्या शेजाऱ्याची गोष्ट सांगते.

आमचे कीर्तनकार बुवा बसलेला घसा घेऊन तळ्याकाठी तंबूत राहायला गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, रविवारच्या कीर्तनापर्यंत मौन पाळा, नाहीतर गाणं विसरा. शेजारच्या तंबूत एक प्लंबर होता, देवभोळा, मन लोण्यासारखं. बुवांच्या बायकोकडून कळताच त्याने आजूबाजूचे रेडिओ बंद करवले, पोरांचा चेंडू काढून घेतला, स्वतःच्या बायकोला भांडीसुद्धा घासू दिली नाहीत.

मग घटकेघटकेला तंबूचा पडदा सारून विचारायचा, "बुवा, आमचा काही त्रास नाही ना?"

बुवा मान हलवायचे.

"भिडेखातर नको हो. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

बुवा पडले भिडस्त. "काही त्रास नाही, बाबा," म्हणायचे.

रविवारी बुवा उभे राहिले आणि तोंडातून नुसती हवा आली. पहिल्या रांगेत प्लंबर डोळे पुसत म्हणाला, "एवढं जपलं, तरी तळ्याचा गारवा बाधलाच."

बुवांची बायको काही बोलणार, तोच बुवांनी तिला हातानेच गप्प केलं. देवापुढे हात जोडाल तेव्हा बुवांच्या घशाची आठवण ठेवा. आणि हो, त्या शेजाऱ्याचीही.