भाऊरावांची नीलगिरी

"अरं थांबा! तिथं नका खांदू!" कुंडलिक चढावरून ओरडत आला, तोवर पहार पळसाच्या बुंध्यात रुतलीही होती.

"चुना तर हाय की हितं," पहार उपसत धोंडिराम म्हणाला. "चुना तिथं खड्डा. तूच मारलास ना?"

मारला होता. मुलुंडच्या या टेकडीवर मजुरांना रोपांच्या खड्ड्याची जागा चुन्यानंच दाखवत, आणि बारा वर्षं इथं माळीकाम करणारा कुंडलिक नेमकं तेच विसरला होता.

मार्चमधल्या वणव्यात टेकडी काळी पडली, तेव्हा टेकडी सुशोभन समितीनं ती मेल्याचा ठराव एकमतानं मंजूर केला. टेकडीला तेवढं कुणी कळवलं नाही. मे महिन्यात जळक्या बुंध्यांतून पळस फुटला, कुडा फुटला, करवंदीनंही नाक वर काढलं. कुंडलिक हरखला. लाकूडफाटा तोडणाऱ्यांच्या पायाखाली कोंब जाऊ नयेत म्हणून त्यानं एकेकाभोवती चुन्याचं रिंगण घातलं. असे त्रेसष्ट.

कुंडलिक पोचेपर्यंत धोंडिरामच्या टोळीनं त्रेसष्ट खड्डे खणत आणले होते. एकही चुकला नाही.

"साहेब, मुळ्या जित्या हुत्या," कुंडलिक समितीच्या सेक्रेटरीला, नंदकिशोरला म्हणाला. "काय करायचंच नव्हतं. नुस्तं ऱ्हाऊ द्यायचं हुतं."

"नुसतं राहू द्यायचं?" नंदकिशोर खरोखरच विचारात पडला. "त्याचं उद्घाटन कसं करायचं रे?"

उद्घाटन झालं. अध्यक्ष भाऊरावांनी पहिली नीलगिरी लावली. शेजारी त्यांच्या नावाची पाटी रोवली गेली. पाटीला सिमेंट होतं, नीलगिरीला खडक. पाऊस सरल्यापासून डिसेंबरपर्यंत कुंडलिकनं झारीनं पाणी घालघालून खांदे सुजवून घेतले, तरी एकेक रोप काडी होत गेलं. अध्यक्षांचं सर्वांत आधी.

जानेवारीत खड्ड्यांच्या कडांना, तुटलेल्या मुळ्यांतून, पुन्हा अकरा कोंब आले. पाठोपाठ समितीचा हुकूम आला : खड्ड्यांतलं तण उपटावं.

"उपटा की मंग," भाकरी घेऊन आलेली त्याची बायको सोनूबाई म्हणाली. "त्या कोंबांपायी नोकरी घालवता का?"

"तण न्हाई गं ते."

"मला म्हाईत हाय. समितीला हाय का?"

कुंडलिकनं दहा कोंब उपटले. अकरावा अध्यक्षांच्या खड्ड्यात होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, नीलगिरीची काडी काढून फेकली आणि पाटीवरची धूळ सदऱ्यानं पुसली. अध्यक्षांच्या पाटीखालचं उपटायची छाती कुणाची होती?

पुढच्या जुलैत भाऊराव फोटोग्राफर घेऊन आले. पाटीजवळ कमरेएवढा पळस तीन-तीन पानं पसरून उभा होता.

"बघा!" पानावरून हात फिरवत ते म्हणाले. "नीलगिरी काय झोकात आलीय! मी लावली तेव्हा सगळे म्हणत होते, खडकात काय येणार!"

"झकास, साहेब!" नंदकिशोर म्हणाला.

कुंडलिक एक पाऊल पुढं आला.

"माळीबुवा, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय," फोटोग्राफर म्हणाला.

कुंडलिक झारी घेऊन उतरू लागला. मागं टाळ्या वाजल्या. त्यानं वळून पाहिलं नाही. पाय मात्र उपटलेल्या दहाही जागांना वळसा घालत राहिले. चुना तर केव्हाच धुऊन गेला होता.