माझी तीस मिनिटं

मित्रांनो, दरवाजा म्हटलं की तुम्हाला आधी उघडणं आठवतं. कुणीतरी आत येतंय, कुणीतरी हसतंय, चपला निघतायत. माझं मात्र सगळं उलटं आहे. मी बंद राहण्यासाठी जन्मलेला एक जुना दरवाजा आहे, आणि तेवढं एक काम सोडून बाकी सगळी कामं लोकांनी माझ्याकडून करून घेतली.

बिश्केक शहराच्या एका टोकाला कापडगिरणीच्या कामगारांसाठी बांधलेली नऊ मजली इमारत आहे. तिच्या सहाव्या मजल्यावर, जिना आणि खोल्यांचा पॅसेज यांच्या मधोमध मी उभा असतो. मला ज्या सुतारानं बनवलं तो फार गंभीर माणूस होता. आत जाड लाकूड, त्यावर मातीच्या काल्यात भिजवून वाळवलेला नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, त्यावर पत्रा. खोल्यांचे दरवाजे माझ्यापुढे अगदीच नाजूक. मी एवढा जड झालो की वर चढवायला तीन माणसं लागली आणि तिघांनीही मला शिव्या दिल्या. मला तर ते कौतुकच वाटलं.

शेवटी सुतारानं माझ्या कडेला एक छोटी पितळी पट्टी ठोकली. तिच्यावर लिहिलं होतं, तीस मिनिटं. म्हणजे जिन्यात आग लागली तर मी तीस मिनिटं धूर आणि ज्वाळा पलीकडे अडवून धरायच्या. एकतिसाव्या मिनिटाची हमी नाही. मित्रांनो, विचार करा, एखाद्याचं अख्खं आयुष्य फक्त अर्ध्या तासासाठी असावं, आणि तो अर्धा तास कधी येणार हेही ठाऊक नसावं! बाकी सगळी वर्षं नुसती तयारी.

तयारीत मात्र मी हुशार होतो. माझ्या डोक्यावर मजबूत स्प्रिंग होती. लोक मागे वळून न बघता निघून जायचे आणि मी आपला आपण मिटायचो. ढप्प! तो आवाज मला फार आवडायचा. प्रत्येक मजल्यावर माझा एकेक भाऊ होता. रात्रपाळी सुटली की खालून वरपर्यंत आमची ढप्पढप्प चालायची.

मग गिरणी बंद पडली. देशाचंच नाव बदललं तर गिरणीचं काय घेऊन बसलात. खोल्या लोकांच्या मालकीच्या झाल्या आणि जिना कुणाचाच राहिला नाही. तिसऱ्या मजल्यावरचा भाऊ कुणाच्या तरी शेतघरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लागला. आठव्याचा भंगारात गेला. चौथ्याला आडवा करून त्यावर लग्नाचं पीठ लाटतात म्हणे. एकेक करत सगळे गेले आणि मी एकटा उरलो, कारण मला उतरवायला तीन माणसं लागतात आणि तिघांचं एकाच दिवशी जमत नाही.

माझी किंमत कळणारा एकच माणूस होता, इमारतीचा राखणदार मेदेरबेक. सगळे त्याला बाइके म्हणतात, म्हणजे दादा. तरुणपणी तो गिरणीच्या आग विझवणाऱ्या पथकात होता. तो माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायचा, फटीत नखं घालून बघायचा, आणि निळ्या वहीत लिहायचा. एके वर्षी सरकारचा कागद आला की जुन्या इमारतींनाही आता आगीचे नवे नियम पाळावे लागतील. मेदेरबेक तो कागद घेऊन खोलीखोलीत फिरला. लोकांनी त्याला चहा पाजला, पाव दिला, आणि कागद परत दिला.

आता तुम्हाला आपाबद्दल सांगते— चुकलो, सांगतो. तिच्याबद्दल बोलताना मी तिच्यासारखाच बोलायला लागतो.

टोक्तोबुबू आपा. आपा म्हणजे तिकडे आजी. सहाव्या मजल्यावर अगदी माझ्याजवळच्या खोलीत ती आणि तिचे नवरोबा कादिर राहायचे. दोघं गिरणीत विणकर होते. मुलगा मॉस्कोला. पडून आपाचं कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती, आणि लिफ्ट तर त्याआधीपासूनच मेलेली. पाच वर्षं ती खाली उतरली नव्हती.

मग कादिर वारले. तिथली रीत अशी की ज्या घरी माणूस गेलं त्या घराचं दार मिटायचं नाही. सांत्वनाला येणारे पुरुष जिन्यापासूनच मोठ्यानं रडत येतात. रडत आलेल्या माणसाच्या तोंडावर दार बंद झालं तर याहून मोठा अपमान नाही. म्हणून मेदेरबेकनं स्वतःच्या हातानं माझी स्प्रिंग काढली. मला पॅसेजच्या बाजूला पूर्ण उघडलं आणि पायाशी एक वीट ठेवली. वीट लागतेच, कारण फरशीला उतार आहे आणि सोडलं तर मी स्प्रिंगशिवायही हळूहळू मिटतो. मला राग आला नाही, खरंच. चाळीस दिवसांचा तर प्रश्न होता.

एक्केचाळिसाव्या दिवशी मेदेरबेक स्प्रिंग घेऊन आला.

"आपा, चाळीस झाले. आता हे दार बंद ठेवायचं."

"का रे बाबा?"

"आग लागली तर धूर वर येतो. हे दार अडवतं."

"आग कधी येणार आहे, कळवलंय का तिनं? माणसं रोज येतात."

"रोज कोण येतं तुमच्याकडे?"

"तू आलायस ना आत्ता. पहिल्या मजल्यापासून तुझा खोकला ऐकत बसले होते मी. दार बंद असतं तर काय ऐकलं असतं, भिंत?"

"मी ठोठावलं असतं."

"ठोठावतात ते वीजबिलवाले. आपली माणसं आवाज देत येतात."

मेदेरबेकनं स्प्रिंग खिशात टाकली आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात लावतो." ती स्प्रिंग त्याच्या खोलीत खिळ्याला टांगली गेली.

आणि मी खोटं का बोलू, आपा रोज माझ्यासमोर खुर्ची आणून बसायची तेव्हा मलाही बरं वाटायचं. पाचव्या मजल्यावर सोनुन राहते. बाजारात बोरसोक विकते, तळलेले गोल पिठाचे गोळे, गरम असताना भारी लागतात. ती जिन्यातूनच ओरडायची, "आपा, आहात का अजून?"

"तुझे बोरसोक खाल्ल्यावर सांगते. कालच्यांनी तर जवळजवळ नेलंच होतं."

"मग आणत नाही."

"आण गं. मरायचंच तर पोट भरून."

दर गुरुवारी सोनुन घरी तेल तापवायची. त्या लोकांत गेलेल्या माणसांसाठी तेलात काहीतरी तळतात. खाणं आपल्याला, वास त्यांना. तो वास माझ्यातून वर यायचा. आपा दोन्ही तळवे पुढे धरायची, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायची आणि शेवटी हात चेहऱ्यावरून फिरवायची. मी बंद असतो तर तो वास तिच्यापर्यंत पोहोचला नसता. हे मला कबूल आहे. म्हणूनच तर सगळं अवघड आहे.

मेदेरबेक मात्र काळजीनं झुरत होता. एकदा त्यानं जिन्यात सोनुनला गाठलं.

"जिन्याखालचे तेलाचे डबे हलव. शेजारी विजेचा बोर्ड आहे."

"कुठे ठेवू, डोक्यावर? माझ्या खोलीत मीच आडवी मावत नाही."

"आग लागली तर तू पळशील, मी पळेन. आपाला फक्त ते एक दार आहे. मदत येईपर्यंत तिनं त्याच्यामागे बसायचं, एवढाच उपाय आहे तिच्यासाठी. कळतंय का?"

सोनुन म्हणाली, "रविवारी हलवते, बाइके."

त्या रविवारी तिच्या भाचीचं लग्न निघालं.

त्यातच इंटरनेटची माणसं आली आणि माझ्या डोक्यावर भिंतीला मुठीएवढं भोक पाडून तारा घालून गेली. उरलेल्या जागेत त्यांनी वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि वरून रंग फासला. म्हणजे मी मिटलो असतो तरी धुराला माझ्या डोक्यावरून वाट होतीच.

तपासणीचा साहेब आला तो दिवस मी विसरणार नाही. येणार हे आठवडाभर आधी कळलेलं. मेदेरबेकनं सकाळीच स्प्रिंग लावली. किती महिन्यांनी मी मिटलो. ढप्प! वीट कुठे ठेवायची हा प्रश्न होता. आपा म्हणाली, "इकडे दे," आणि तिनं ती मांडीवर घेऊन वर घोंगडी ओढली.

साहेबानं मला चारदा उघडलं, चारदा सोडलं. खूश झाला. मग आपाकडे वळला.

"आजी, घोंगडीखाली काय आहे एवढं टोकदार?"

"वीट. गुडघे शेकायला."

"गरम आहे?"

"होती. तुम्ही फार वेळ लावलात."

साहेब हसला. मग त्यानं मान वर केली आणि त्या रंगवलेल्या बोळ्याकडे पेन रोखलं. "हे काय?"

मेदेरबेकनं आपाकडे पाहिलं. खरं सांगितलं तर इमारत नापास होईल, लोकांना खोल्या सोडायला लावतील, आणि आपाला मुलगा येईपर्यंत कुठल्यातरी आश्रमात न्यावं लागेल. हे त्याच्या मनात आलं असणार, कारण त्यानं फार उशिरा उत्तर दिलं.

"गिलावा," तो म्हणाला.

साहेबानं 'योग्य' असं लिहिलं. मेदेरबेकनं खाली सही केली. साहेब तळमजल्यावर पोहोचायच्या आत स्प्रिंग निघाली आणि वीट परत माझ्या पायाशी आली.

जानेवारीतला गुरुवार होता. दुपारचे दोन वाजलेले. अशी थंडी की घराघरात विजेच्या शेगड्या लावलेल्या. मुलं शाळेत, सोनुन बाजारात, आणि मेदेरबेक कचेरीत गेलेला. कशाला, तर माझा तो योग्यपणाचा कागद जमा करायला.

आधी वास आला. तेलाचा.

आपा पॅसेजमध्ये बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "सोनुन आज लवकर आली वाटतं." मग तिनं तळवे पुढे धरले आणि नावं घ्यायला लागली. आईचं, बापाचं. दोन बहिणींचं. कादिरचं नाव तिनं दोनदा घेतलं. तिच्या वयाच्या माणसाकडे नावं पुष्कळ असतात, मित्रांनो, आणि ती घाई करत नव्हती. खाली जिन्याखाली बोर्ड पेटला होता आणि सोनुनचे डबे एकामागून एक फुटत होते. मला चौकटीतून ते सगळं जाणवत होतं. मला ओरडायचं होतं. दरवाज्याला एकच शब्द येतो, ढप्प, आणि तोही वीट असली की येत नाही.

तिचे हात चेहऱ्यावरून फिरून खाली आले तेव्हा माझ्यातून काळा धूर आत येत होता. तिला समजलं. आणि मग ती खोलीकडे वळली नाही, माझ्याकडे आली. मला बंद करायला आली. खुर्चीतून वाकून तिनं विटेला हात घातला. पण माझं सगळं वजन त्या विटेवर होतं. तीन माणसांचं वजन. वीट थोडी सरकली. मी तेवढाच मिटलो, चार बोटं. ती खोकली, पुन्हा वाकली. दुसऱ्यांदा तिचा हात विटेवर नुसताच राहिला.

आग विझवणारे अठराव्या मिनिटाला वर पोहोचले.

मला तीस मिनिटं येत होती.

ज्वाळा दुसऱ्या मजल्याच्या वर आल्याच नाहीत. माझा रंगसुद्धा जळला नाही, फक्त काळा पडला. संध्याकाळी मेदेरबेक माझ्याजवळच्या पायरीवर येऊन बसला. सोनुन भिंतीला टेकून उभी होती.

"डबे माझे होते," ती म्हणाली.

"सही माझी होती."

"तिला तेलाचा वास आला असेल ना, बाइके? तिला वाटलं असेल की मीच..."

"गप्प बस, सोनुन."



एका जवानानं वीट लाथेनं उडवली होती, त्यामुळे त्या रात्री मी पूर्ण मिटलो होतो. सकाळी आपाचा मुलगा मॉस्कोहून आला. त्याच्यामागून माणसं यायला लागली, जिन्यातूनच मोठ्यानं रडत. पहिला रडणारा माझ्यासमोर येऊन थबकला. मेदेरबेक धावत आला. त्यानं मला उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातली ती वीट उचलली. बराच वेळ ती हातात धरली. मग माझ्या पायाशी ठेवली.

"चाळीस दिवस," तो अगदी हळू म्हणाला. मलाच म्हणाला असावा.

आज एकसष्टावा दिवस आहे. स्प्रिंग खिळ्याला आहे. कागदावर मी अजून योग्य आहे. जिन्याखाली कुणीतरी जुना सोफा आणून ठेवलाय, रविवारी हलवणार आहेत.

मित्रांनो, तुमच्याही इमारतीत, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखा एखादा जड, आपला आपण मिटणारा दरवाजा असेल. त्याच्या पायाशी काय आहे ते एकदा वाकून बघा. वीट असेल, कुंडी असेल, दुमडलेला पुठ्ठा असेल. कुणीतरी प्रेमानंच ठेवलेलं असेल ते. तरी उचला. मी सांगितलं म्हणून कुणी उचलेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे तर माणूस गेलं तरी कुणी उचललं नाही. पण सांगण्यावाचून माझ्या हातात दुसरं काही उरलेलं नाही.

सोनुन अजून दर गुरुवारी तेल तापवते. तिच्या नावांमध्ये आता आपाचंही नाव असतं. तो वास जिन्यातून वर येतो, माझ्यातून आत शिरतो, आणि तिच्या रिकाम्या खोलीपर्यंत जातो. मी तसाच उघडा उभा असतो, आणि दर गुरुवारी मला कळत नाही की हा वास कसला आहे.