हॉलमधली मागची सीट

गाडी आमच्या नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. चालवते मी. तिच्यात पाणी शिरलंय हे मला कळलं ते मागे पायाशी ठेवलेली टॉवेलांची पिशवी उचलताना. माझं केस कापायचं दुकान आहे, धुतलेले टॉवेल रोज गाडीतून नेते. पिशवीतले खालचे टॉवेल चिंब होते. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता. गालिच्यावर हात दाबला तर बोटांमधून पाणी वर आलं.

एरवी म्हटलं असतं, वाळेल आपोआप. पण शनिवारी सासूबाईंना इस्पितळातून घरी सोडणार होते. जिन्यात घसरून त्यांच्या पायाचं हाड मोडलं होतं, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि आणायचं तर मागच्या सीटवर पाय लांब करूनच आणावं लागणार होतं. नणंदेने फोनवर स्पष्टच सांगितलं, "हे बघ, शनिवारी तुमची गाडी धड असेल तर तुम्ही न्या. नाहीतर प्लास्टर निघेपर्यंत आई माझ्याकडे. ओल्या, कुबट गाडीतून मी तिला नेऊ देणार नाही." नणंद स्वभावाने वाईट नाही. फक्त तिचं नेहमी बरोबर असतं, आणि तेच डोक्यात जातं.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कोणीही न्या गं, मला काय."

इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर त्यांच्या 'मला काय'चा अर्थ मला कळतो. त्यांना यायचं होतं घरीच, पण कुणाला जड व्हायचं नव्हतं. आणि मला त्या घरी हव्या होत्या. चांगली सून दिसावं म्हणून हे सांगत नाही. त्यांच्याशिवाय घर मला खायला उठत होतं.

त्याला कारण होतं. आमच्या घरात नाना आणि मी एकमेकांशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही. लग्न होऊन आले तेव्हा आधी ते संकोचले, मग मी संकोचले, आणि मधे सासूबाई होत्याच. "अगं, तिला सांग, गॅस संपत आलाय." "आई, नानांना सांगा, चष्मा फ्रिजवर आहे." तिघंही एकाच खोलीत. सवय पडली ती पडली. सासूबाई नसताना नवऱ्याने ते काम केलं असतं, पण तो नेमका कामासाठी परगावी. उरलो आम्ही दोघं. नाना गॅलरीत जाऊन हळू आवाजात सासूबाईंना फोन करायचे आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन.

तर मी एकटीनेच कामाला हात घातला. मागच्या सीटचा बसायचा भाग नुसता खाचेत अडकवलेला असतो. पुढच्या कडेखाली दोन्ही हात घालून वर झटका दिला की सुटतो. माझ्या झटक्याने तो सुटला आणि मी दारातून मागच्या मागे अंगणात बसले. कुणी पाहिलं नाही याची खात्री करून उठले आणि सीट ओढत हॉलमध्ये नेऊन ठेवली. नानांनी वर्तमानपत्राच्या वरून सीटकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात शिरले. संध्याकाळी येऊन बघते तर खुर्ची सोडून स्वारी सीटवर बसून वाचतेय.

ओलं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. केस वरून कोरडे लागले म्हणजे वाळले असं नाही, मुळाशी बोटं घालून बघावं लागतं. गालिच्याचंही तेच. कड उचलली तर खाली फोमचा जाड थर, पाणी पिऊन टम्म फुगलेला. गालिच्याखाली लाकडाचे ठोकळे सारले, दुकानातला मोठा ड्रायर आणला, खिडकीतून लांब वायर ओढली आणि फोम टॉवेलने टिपून टिपून वाळवायला बसले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "गाडीचे केस सेट करतेस का गं?" म्हटलं, "हो, मधून भांग पाडणार आहे." अंधार पडेपर्यंत फोम बऱ्यापैकी कोरडा झाला. आतली दमट हवा निघून जावी म्हणून मागची काच दोन बोटं उघडी ठेवली. आभाळ स्वच्छ होतं.

सकाळी गालिचा पुन्हा ओला.

पाऊस नाही, पाण्याचा टिपूस नाही, गाडी बाहेरून कोरडी ठणठणीत. म्हटलं, आपलंच काही राहिलं असेल. पुन्हा ड्रायर, पुन्हा टॉवेल, पुन्हा काच दोन बोटं. दुसऱ्या दिवशी तीच गत. तिसऱ्या दिवशी मी त्या गाडीला तोंडाला येईल ते बोलले. दुकानात एका बाईंचे केस वाळवताना त्या म्हणाल्या, "अहो, भाजतंय," तेव्हा भानावर आले.

शुक्रवारी सकाळी गालिच्याला हात लावला आणि मला रडूच आलं. शनिवार उद्यावर. नणंद आईला घेऊन जाणार, घरात मी आणि नाना मुक्याने जेवणार, आणि सासूबाई तिकडे पाहुण्यासारख्या सोफ्यावर अंग चोरून बसणार, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. तिथेच, सीट नसलेल्या गाडीत, पत्र्यावर बसून त्यांना फोन लावला.

"आई, मला नाही जमत. रात्री कोरडं करते आणि सकाळी ओलं. आणि रोजचंच सांगते, नानांना सांगू नका हं, त्यांना वाटेल मी त्यांची गाडी बिघडवली."

"रडू नकोस. काचा नीट लावतेस ना?"

"तीन लावते. मागची दोन बोटं उघडी ठेवते, वाफ जायला."

पलीकडून आधी हळूच खुसखुस ऐकू आली, मग ती वाढत गेली, आणि मग नर्सचा आवाज आला, "आजी, काय झालं? पाय दुखतोय का?"

"अगं," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "हे रोज पहाटे गाडीवर झारीने पाणी घालतात."

आमचे नाना पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधली, तीही पहाटे, कारण पहाटे सगळं शांत असतं आणि पाणी कुठे वाहतंय ते कानाला कळतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मागच्या दाराचं सुटलेलं रबर शोधून चिकटवलं होतं. मग खात्री करायची म्हणून पहाटे झारी घेऊन टपावर पाणी सोडलं, कान लावला, आत टपटप ऐकलं, दार उघडून हात लावला, ओलं. म्हणजे गळती अजून आहे. आणखी गोंद लावला, गाडी फडक्याने पुसून कोरडी केली, कारण खात्यातला माणूस काम झाल्यावर मागे पसारा ठेवत नाही. चष्मा अर्थातच फ्रिजवर. दोन बोटांची फट त्यांना दिसणार कशी? आणि सासूबाईंना त्यांनी बजावलं होतं, "तिला सांगू नकोस. गळती सापडली की मग सांगू. तिला उगाच घोर नको."

म्हणजे मी रात्री वाळवत होते आणि ते पहाटे भिजवत होते, दोघंही एकमेकांना न सांगता.

"मी दोघांचं गुपित पोटात ठेवून बसले इथे," सासूबाई म्हणाल्या. "मला काय ठाऊक काचेचं? आता बोलाव त्यांना. आणि फोन स्पीकरवर टाक."

बोलवायचं कसं, हा प्रश्नच होता. मी हॉर्न वाजवला. नाना आले. गाडीच्या टपावर फोन ठेवला, एका दाराशी ते, दुसऱ्या दाराशी मी, आणि इस्पितळातून सासूबाई कामाला लागल्या.

"अहो, काच वर करा आणि मग पाणी घाला."

नानांनी पाणी घातलं. मी आत वाकून हात फिरवला. "आई, नानांना सांगा, थेंब नाही."

"ऐकलं मी," नाना फोनला म्हणाले. "अगं, तिला सांग, रबर पहिल्याच दिवशी बसलं होतं म्हणजे." त्यांचा चेहरा पडला होता आणि मिशीत हसूही होतं, दोन्ही एकदम.

मी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. एका बाजूने माझा ड्रायर, दुसऱ्या बाजूने नानांनी माळ्यावरून काढलेला टेबलफॅन. ते फोम पिळायचे, मी फुंकायची. मधेच डॉक्टर आले म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला आणि आमची पंचाईत झाली. थोडा वेळ नुसता पंखा बोलत होता. मग नाना घसा खाकरून गालिच्याला म्हणाले, "या कोपऱ्यात अजून ओल आहे." मी पंख्याला म्हणाले, "इकडे वळवला तर बरं." असं आम्ही गाडीच्या सगळ्या भागांशी बोलत संध्याकाळपर्यंत काम उरकलं. सीट बसवली तेव्हा सीटबेल्टची बक्कलं खालीच राहिली. पुन्हा उचलली, बक्कलं वर घेतली, पुन्हा बसवली. मी मुळाशी बोटं घालून पाहिलं. कोरडं होतं. खरं कोरडं.

शनिवारी इस्पितळाच्या दारात नणंद आपली मोठी गाडी घेऊन उभीच होती. तिने आमच्या मागच्या सीटवर हात फिरवला, वास घेतला, गालिचा बुटाच्या टोकाने दाबून पाहिला. काही सापडलं नाही. तरी म्हणाली, "आई, माझ्याकडेच चल. अगं, या दोघांना साधं एकमेकांना विचारता येत नाही. हे तुला काय सांभाळणार?"

सासूबाई चाकांच्या खुर्चीत बसून आधी तिच्याकडे, मग आमच्याकडे बघत राहिल्या. नाना चपलेने जमीन उकरत होते. याही वेळी नणंदेचं बरोबरच होतं.

"मला माझ्या घरी जायचंय," सासूबाई म्हणाल्या. 'मला काय' नाही, 'कोणीही न्या' नाही. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग नणंदच पुढे झाली, तिने आईचा पाय अलगद धरला आणि सीटवर ठेवला.

घरी आल्यावर त्यांना पलंगावर टेकवलं, पायाखाली उशा लावल्या. नाना दाराशी आले. "अगं, तिला सांग, चहाचं..."

"मी दमलेय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. दमलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत.

नाना तिथेच उभे. त्यांनी बायकोकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि शेवटी, दुसरं काही उरलंच नाही तेव्हा, माझ्याकडे पाहिलं.

"चहा मी टाकतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तू साखर किती घेतेस?"

इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना ते माहीत नव्हतं, आणि विचारताना ते कानापर्यंत लाल झाले होते.

"एक चमचा, नाना," मी म्हणाले.