बावीस वेळा नाही

पेटीवाला गेला. बायकोनं रडून घेतलं, डोळे पुसले आणि विम्यासाठी अर्ज केला. कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. पॉलिसी घेताना रक्तदाबाचा आजार लपवला, म्हणून दावा नामंजूर.

नामंजूर हे तिनं एक वेळ गिळलं असतं. पण 'लपवला' हा शब्द घशात अडकला. जन्मभर पत्र्याच्या पेट्या ठोकून नवऱ्याचे कान गेलेले, आणि कान गेलेला माणूस बोलतो मोठ्यानं. डॉक्टरकडून आला की दुकानाच्या दारातूनच बीपीचा आकडा ओरडायचा. समोरच्या न्हाव्यालासुद्धा तो पाठ. असला माणूस लपवणार काय, कपाळ?

आणि बहिरेपणाची त्याला भारी लाज. काही ऐकू आलं नाही की मान डोलवून "हो हो" म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. या "हो हो"पायी घरात दोन मांजरं आली होती आणि एक मोडकं शिवणयंत्र.

सुनावणीला ती दिराला घेऊन गेली; तोही दुकानात नवऱ्याच्या जोडीनं पेट्या ठोकायचा. समोर तक्रारी ऐकणाऱ्या मॅडम, बाजूला कडक इस्त्रीतला एजंट.

"मी दुकानात बसून बावीसच्या बावीस प्रश्न वाचून दाखवले," एजंट म्हणाला. "प्रत्येकाला ते नाही म्हणाले. मी तसंच लिहिलं."

"माझा हातोडा चालू होता की तेव्हा," दीर म्हणाला.

"म्हणून तर जवळ सरकून बसलो. आजारपणाच्या गोष्टी चारचौघांत ओरडून कशा विचारणार? हळूच विचारलं."

तिनं पिशवीतून कानाच्या मशीनची डबी काढली. मशीन नवं कोरं होतं. ते घातलं की तुझं सगळं ऐकावं लागतं, असं म्हणून नवऱ्यानं कधी लावलंच नव्हतं. डबीखाली डॉक्टरचा कागद, पॉलिसीच्या वर्षभर आधीचा. उजवा कान बंद, डावा जेमतेम.

"मॅडम, फॉर्मातला चौदावा प्रश्न बघा."

मॅडमनी वाचलं. "कमी ऐकू येतं का? उत्तर, नाही."

"हापण हळूच विचारला असेल," ती म्हणाली. "हळू बोललेलं आमच्या ह्यांना ऐकू यायचंच नाही, आणि ऐकू आलं नाही की ते हो हो म्हणायचे. बावीस वेळा हो म्हणाले असते. क्षय, फिट, सगळ्याला. तो बायकांसाठीचा प्रश्न आहे ना, गरोदर आहात का, त्यालासुद्धा हो."

दीर खाली मान घालून हसला. मॅडमनी चष्मा काढला.

"ऐकू न आलेल्या प्रश्नाला नाही कोण म्हणालं?" त्यांनी एजंटला विचारलं.

एजंटनं पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला. "सही तेवढी दुकानात घेतली. बाकी घरी भरलं. सगळेच भरतात हो, मॅडम."

"हे लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "कंपनीला पैसे द्यावे लागतील. आणखी काही म्हणायचंय?"

"तो शब्द तेवढा काढा."

निकालाचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. ती दुकानाच्या दारात उभी राहिली आणि रोज नवऱ्याशी ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात वाचायला लागली. "विमेदारानं कोणतीही माहिती लपवलेली नाही." समोर न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला.

"वहिनी, हळू वाचा, मी इथंच आहे," दीर म्हणाला.

"तुमच्यासाठी नाही वाचत, भावजी," ती म्हणाली, आणि तीच ओळ पुन्हा वाचली, आणखी मोठ्यानं.